फिटची वंशावळ काढायची तर कशी?

माझ्या भाचीला दहावीत जेएमई निघाली, म्हणजे जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, किशोरवयात सुरू होणारा, हातांना झटके आणणारा फिटचा प्रकार. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" ताई लगेच "नाही" म्हणाली. घरात लग्नाच्या मुली असल्या की हेच उत्तर येतं. मग वही घेऊन मीच बसले.

पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आतून भरलेला. नुसती शंका असेल तर प्रश्नचिन्ह. तीन पिढ्या पुरतात, पण आजोळही घ्या. मामेबहीण-आतेभाऊ असं नात्यात लग्न झालं असेल, तिथली रेघ दुहेरी.

"कुणाला फिट येते का?" असं विचारूच नका. विचारायचं ते असं: सकाळी उठल्याउठल्या हात दचकून उडतात का? जागरण झालं की जास्त? शाळेत मध्येच क्षणभर हरवल्यासारखं व्हायचं का? आमची मावशी हसत म्हणाली, "अगं, कॉलेजात असताना सकाळी माझ्या हातातून बशी उडायची. आई वेंधळी म्हणायची!" तिच्या गोलात प्रश्नचिन्ह घातलं.

तापात आलेली आकडी, अपघातानंतरची फिट, मेंदूत जंताची गाठ निघालेला काका, हे सगळं वेगळं लिहा. त्यांचं कारण निराळं असू शकतं.

वंशावळ पाहून लगेच जीन टेस्टच्या मागे धावायचं नाही. जेएमई बहुतेकदा एका जनुकाचं काम नसतं, अनेकांचा थोडाथोडा हात असतो. 2002 मध्ये जीएबीआरए1 आणि 2004 मध्ये ईएफएचसी1 या जनुकांतले दोष सापडले, पण मोजक्याच कुटुंबांत. सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त, तरी बहुतेकांना काही होत नाही.

मूल अभ्यासात घसरत चाललंय, चालताना तोल जातोय, झटके औषधाला दाद देत नाहीत, आणि त्यात ती दुहेरी रेघ असेल, तर मात्र थांबू नका. लाफोरासारखा, फिटसोबत बुद्धीही ढासळत नेणारा आजार याच वयात सुरू होतो. त्यात सदोष जनुक आई आणि बाबा दोघांकडून आलेलं असतं. इथे जनुकीय तपासणीचा खरा उपयोग आहे.

डॉक्टरांकडे वंशावळीसोबत सकाळच्या झटक्यांचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या. चालू गोळ्यांची नावंही लिहून न्या, कारण कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन या फिटच्याच गोळ्यांनी हे झटके वाढू शकतात. मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करू नका. मुलीला व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध लिहून दिलं, तर पुढे गरोदरपणात बाळाला काय धोका, हे तिच्यासमोर तिथेच विचारा. लग्न अजून लांब असलं तरी.