किनाऱ्यावरच्या लग्नाला निघालेल्या मराठवाड्यातल्या वऱ्हाडासाठी

हल्ली लातूर-नांदेडकडची पोरंही गुहागर, गणपतीपुळे नाहीतर दिवेआगरला लग्नं लावायला लागलीत. पत्रिकेत ‘साधे कपडे घालून या’ असं स्पष्ट छापलेलं असतं, तरी निम्मं वऱ्हाड मंगल कार्यालयात निघाल्यासारखं नटून उतरतं.

प्रवास सोपा आहे. लातूरकरांनी सोलापूर-कोल्हापूर करत आंबा घाटाने रत्नागिरी गाठावी, दिवेआगरला जाणाऱ्यांनी पुण्यावरून ताम्हिणी घाट धरावा. आदल्या रात्री मुक्कामाला पोचा. गाडी वाळूत घालू नका, कुणी कितीही ‘काही होत नाही’ म्हणो.

वेळ मात्र पाळा. आपल्याकडे साडेबाराचा मुहूर्त दोनला लागला तरी कुणाला काही वाटत नाही. किनाऱ्यावर बहुधा गोरज मुहूर्त धरतात, आणि मावळतीचा सूर्य काही मामांचा फेटा बांधून होईपर्यंत थांबत नाही. भरतीही थांबत नाही. कोकणातला हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन लग्नाच्या वेळी पाणी मांडवाकडे सरकलेलं असणार.

आता कपडे. सगळं घोडं इथेच अडतं.

पैठणी नेसू नका. पैठण आपलं, मान्य; लग्नाला पैठणी हवीच, हेही मान्य. पण ती रात्रीच्या स्वागत समारंभाला, छताखाली. आपल्याकडे ४२ अंशांतही घाम वाळतो. तिथे ३३-३४ अंशांतच रेशीम पाठीला चिकटतं, कारण दमट हवेत घाम वाळतच नाही. घामातलं आणि लाटेतलं मीठ चांदीच्या जरीला काळवंडवतं. ओली वाळू निऱ्यांत अडकली की साडी जड होते, मग चालताना एक हात कायमचा निऱ्या धरण्यात गुंततो. ‘वर उचलून धरली की झालं’ असा सल्ला देणाऱ्या बाईने वाऱ्यात पदर, पर्स आणि अक्षता एकदम सांभाळून दाखवाव्यात.

सुती साडी नेसा, घोट्याच्या चार बोटं वर. पदर खांद्यावर पिन करून दुसरं टोक कमरेला खोचा. नऊवारी येत असेल तर तीच उत्तम. कोळणी उगाच कासोटा मारून किनाऱ्यावर वावरत नाहीत. तरीही साडीला वाळू लागलीच, तर ओली असताना चोळू नका. चोळलं की कण धाग्यांत घुसतात. सावलीत वाळू द्या, मग झटका. सुती साडी त्याच रात्री साध्या पाण्यातून काढा.

पुरुषांनी कोट, जॅकेट घरीच ठेवावं. सुती कुर्ता, आणि दुमडता येईल अशी विजार. टेरिकॉटचा शर्ट घालणाऱ्याच्या शेजारी मी तरी बसत नाही.

टाचेच्या चपला वाळूत रुततात, कोल्हापुरीचं चामडं खाऱ्या पाण्याने कडक होतं. रबरी चप्पल न्या.

अक्षता वाऱ्याकडे पाठ करून टाका, नाहीतर मागच्यांच्या डोळ्यांत जातात. लेकरांना पाण्यात एकटं सोडू नका, ओहोटीला तर अजिबातच नाही. माळकऱ्यांनी जेवणाचं यजमानांना आधीच सांगून ठेवावं. सोलकढी मात्र बिनधास्त प्यावी, ती नारळाच्या दुधाची आणि कोकमाची असते.