अंगभूत अँटिव्हायरस पुरेसा असतो, पण या चुका टाळा

घरच्या संगणकासाठी वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यावा का, या प्रश्नाला बहुतेकांच्या बाबतीत माझे उत्तर ‘गरज नाही’ असेच आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजबरोबरच मिळतो आणि घरगुती वापराला तो पुरतो. अट एवढीच, की आपण त्याला काम करू द्यावे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तो स्वतःच्या हाताने बंद करणे. फुकटातले ऑफिस किंवा गेम चालवण्यासाठी उतरवलेल्या ‘क्रॅक’बरोबर पहिली सूचना बहुधा ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशीच असते आणि एरवी चिकित्सक असलेली माणसेही ती निमूटपणे पाळतात. पुढे संरक्षण पुन्हा सुरू झाले, तरी क्रॅकच्या फोल्डरला त्या वेळी तपासणीतून दिलेली सूट तशीच राहते. डिफेंडर हिरवी खूण दाखवत राहतो आणि नेमक्या त्याच जागेकडे पाहत नाही. विंडोज सिक्युरिटी अ‍ॅपमधील ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये ‘एक्सक्लुजन्स’ ही तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी असते. तिच्यात आपल्याला कारण आठवत नसलेली नोंद, विशेषतः अख्खा सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स फोल्डर दिसला, तर ती नोंद काढावी, उघडी कामे सेव्ह करावीत आणि ऑफलाइन स्कॅन चालवावा. त्यात विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होत असल्याने एरवी लपून राहणारे मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅमही सापडू शकतात. त्याला साधारण १५ मिनिटे लागतात.

नव्या लॅपटॉपबरोबर आलेला अँटिव्हायरस मुदत संपल्यावर तसाच ठेवू नये. दुसरा अँटिव्हायरस असला की डिफेंडर बाजूला होतो. तो दुसरा काढून टाकला की डिफेंडर परत येतो.

अपडेट पुढे ढकलण्याची सवयही तितकीच घातक आहे. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा प्रोग्रॅम जगभर पसरला, तेव्हा तो ज्या त्रुटीतून शिरत होता तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी न केलेल्या संगणकावर कितीही महागडा अँटिव्हायरस घातला, तरी मूळ प्रणालीतील नवी भगदाडे बुजत नाहीत.

अशा खंडणीखोर रॅन्समवेअरविरुद्धचा, अनोळखी प्रोग्रॅमना महत्त्वाच्या फोल्डरांत बदल करू न देणारा ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ हा पर्याय डिफेंडरमध्ये असतो, पण मुळात बंद असतो. तो सुरू केल्यावर एखादा चांगला प्रोग्रॅमही अडू शकतो. तेव्हा वैतागून पर्यायच बंद न करता त्या एका प्रोग्रॅमला परवानगी द्यावी. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत मात्र बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावीच, आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करू शकते.

फोनवरील ‘बँक अधिकाऱ्या’च्या सांगण्यावरून आपणच स्क्रीन शेअर करणारे अ‍ॅप बसवले, तर कोणताही अँटिव्हायरस सहसा अडवत नाही, कारण ते अ‍ॅप अधिकृतच असते. असे घडले असेल तर आधी इंटरनेट तोडावे, मग बँकेला कळवावे आणि विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.