दिवसा अंधार कसा करावा: नागपुरातल्या रात्रपाळीवाल्यांसाठी

रात्रपाळीनं कर्करोग होतो का, या भीतीचं आधी बोलून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारी पाळी 'बहुधा कर्करोगकारक' म्हणजे गट २अ मध्ये टाकली. २०१९ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तरी रात्रपाळी त्याच गटात राहिली. स्तन, प्रोस्टेट आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी तिचा संबंध असावा, असं म्हणणं. पण सावजीत आपण ताव मारतो ते मटणही याच गटात आहे. पुरावा किती पक्का, एवढंच गट सांगतो. धोका किती मोठा, हे नाही. पुरावाही एका दिशेचा नाही. ३० किंवा जास्त वर्षं दिवसपाळीसोबत आलटूनपालटून रात्रपाळी केलेल्या अमेरिकन नर्सेसमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसला, तर २०१६ च्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासात तसं काही दिसलं नाही.

संशय आहे तो मुख्यतः उजेडावर. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. डोळ्यावर उजेड, त्यातही निळसर पांढरा, पडला की ते दबतं. नोकरी सोडणं आपल्या हातात नसतं. दिवसा झोपायला अंधार मात्र आपण करू शकतो.

घरी परतताना. बुटीबोरी किंवा मिहानहून कंपनीच्या बसनं येत असाल तर गडद गॉगल लावा, सकाळचं ऊन डोळ्यांत घेऊ नका. स्वतः गाडी चालवत असाल तर गॉगल लावू नका. वर्धा रोडवर डुलकी लागणं हा कर्करोगापेक्षा फार जवळचा धोका आहे. डोळे मिटायला लागले असतील तर निघण्याआधी तिथेच वीस मिनिटं झोपून घ्या.

खोली. सगळ्यात जास्त मेहनत इथे करा. खिडकीला दुहेरी जाड कापड लावा आणि पडदा चौकटीपेक्षा वीतभर रुंद घ्या, कारण उजेड मधून कमी, कडेनं जास्त शिरतो. पडदा परवडत नसेल तर पुठ्ठ्याला स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल चिकटवून चकचकीत बाजू बाहेर ठेवा. थोडं ऊनही परत जातं. दारं लावून पाच मिनिटं बसा आणि हात डोळ्यांसमोर धरा. बोटं मोजता आली तर काम बाकी आहे.

आता नागपूरची खरी पंचाईत: कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलरशिवाय दिवसा झोप म्हणजे भट्टीत झोप. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, म्हणून आपण समोरची खिडकी उघडतो आणि सगळा अंधार वाया घालवतो. मीही पहिले दोन उन्हाळे हेच केलं. वाट आतल्या बाजूनं द्या: खोलीचं दार चार बोटं उघडं ठेवा आणि पलीकडच्या खोलीची खिडकी उघडा. कूलर आणि खिडकीच्या चौकटीमधली फट थर्माकोलनं बुजवा. वाळ्याच्या ताट्या मात्र झाकू नका, हवा तिथूनच येते.

घरच्यांना 'झोपू द्या' एवढं सांगून भागत नाही. वेळ सांगा. 'आई, तीन वाजेपर्यंत कुकर लावू नको' हे लागू पडतं. बेल काढून ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत.

ड्यूटीवर. जाग राहावी म्हणून रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात भरपूर उजेडात काम करा. शेवटच्या दोन तासांत शक्य असेल आणि काम सुरक्षित असेल तर दिवे कमी करा. जेवण ड्यूटीवर जाण्याआधी उरका. मध्यरात्रीनंतर हलकंच खा. सकाळी तर्री-पोहे खाऊन झोपलात तर जळजळ तुम्हालाच उठवेल.

पाळीचा तक्ता. लागोपाठ तीनपेक्षा जास्त रात्री नकोत आणि दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास हवेत, असं या विषयातल्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे. सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकणारी पाळी उलट्या क्रमापेक्षा शरीराला सोपी जाते. युनियनच्या बैठकीत हे मांडता येतं.

आता खर्रा. झोप उडवायला पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात ठेवणारे प्रत्येक पाळीत भेटतात. रात्रपाळी गट २अ मध्ये आहे. सुपारी आणि चघळायचा तंबाखू दोन्ही गट १ मध्ये, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं. उजेडाची चिंता करत खर्रा चघळणाऱ्याला मी तरी आधी खर्राच सोडायला सांगेन. जागं राहायला चहा-कॉफी घ्या, तीही झोपेच्या पाचसहा तास आधी थांबवा.

तिशी ओलांडली असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी करून घ्या; बायकांनी स्तन आणि गर्भाशयमुखाचीही. तोपर्यंत तोंड पुरेसं उघडतं का हे बघायला आरशासमोर उभे राहा आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. जात नसतील, किंवा तिखट लागताच तोंड पेटत असेल, तर पुढच्या सुट्टीच्या सकाळी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयाची ओपीडी गाठा.