पीजी इनकन्सिस्टंट दिसला की लगेच रिपेअर मारू नका: सेफ क्लस्टरवर नव्याने येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

स्टोरेज टीममध्ये नवीन लागलेल्या दोन-तीन मुलांनी गेल्या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला, की रात्री ऑन-कॉल असताना सेफ (Ceph, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेलं एकच मोठं स्टोरेज) लाल झालं, हेल्थ एरर, खाली 'पॉसिबल डेटा डॅमेज, १ पीजी इनकन्सिस्टंट' असं दिसलं तर नेमकं करायचं काय. तोंडी सांगून झालं, पण म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, कारण मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझा एक अख्खा आठवडा वाचला असता.

आधी थोडं बॅकग्राउंड. सेफ डेटाचे तुकडे म्हणजे ऑब्जेक्ट गटागटाने सांभाळतं, अशा एका गटाला पीजी (प्लेसमेंट ग्रुप) म्हणतात, आणि इनकन्सिस्टंट म्हणजे त्यातल्या कॉप्या एकमेकींशी जुळत नाहीत. सेफमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टच्या सहसा ३ कॉप्या वेगवेगळ्या ओएसडीवर असतात, म्हणजे ढोबळमानाने वेगवेगळ्या डिस्कवर. या कॉप्या एकमेकींशी जुळतात का हे सेफ स्वतःच तपासत राहतं, त्याला स्क्रब म्हणतात. साधा स्क्रब डिफॉल्टने रोजचा, तो साइज आणि मेटाडेटा जुळवतो. डीप स्क्रब आठवड्याचा, तो सगळा डेटा प्रत्यक्ष वाचून काढतो. त्यामुळे अलर्ट आज आला म्हणजे डेटा आजच बिघडला असं अजिबात नाही, गेल्या डीप स्क्रबनंतर कधीतरी बिघडला आणि आज सापडला. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण नवीन माणूस 'आज कोणी काय चेंज केलं' हेच शोधत बसतो. आणि रिकव्हरी (बिघाडानंतर कॉप्या पुन्हा तयार करणं) चालू असताना डीप स्क्रब थांबवणारा नो-डीप-स्क्रब फ्लॅग लावून नंतर काढायला विसरले तर मग काहीच सापडत नाही, सगळं हिरवं दिसतं, आणि ती परिस्थिती मला लाल स्क्रीनपेक्षा जास्त वाईट वाटते.

आता माझं सांगतो. २०१८, लुमिनस व्हर्जन, मी सोलापूरहून पुण्याला येऊन जेमतेम चार महिने झालेले. रात्री पावणेतीनला अलर्ट आला, मी हेल्थ डिटेल बघितलं, पीजी ४.३ए इनकन्सिस्टंट, नेटवर शोधलं, 'सेफ पीजी रिपेअर' अशी कमांड सापडली, मारली, काहीच झालं नाही म्हणून अजून दोनदा मारली, वीसेक मिनिटांनी सगळं हिरवं झालं आणि मी झोपलो. (काहीच झालं नाही असं वाटतं कारण रिपेअर हाही स्क्रबच्याच रांगेत लागतो, त्या ओएसडीवर दुसरा स्क्रब चालू असेल तर वाट बघावी लागते. परत परत मारून फायदा नाही.)

सकाळी आमच्या सीनियर, ज्यांना सगळी टीम ताईच म्हणायची, त्यांनी एकच विचारलं, "अरे, कोणती कॉपी खराब होती?" मला सांगता येईना. कारण ती माहिती ज्या रिपोर्टमध्ये असते, 'राडोस लिस्ट-इनकन्सिस्टंट-ऑब्ज', तो शेवटच्या स्क्रबचा असतो, रिपेअर झाला की तो रिपोर्ट गेला. पुरावा मीच पुसला होता. ताई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "डेटा परत मिळाला हे चांगलंच, पण तो कोणी बिघडवला ते अजून तिथेच बसलंय."

म्हणून पहिलं काम, रिपेअरच्या आधी हेल्थ डिटेल आणि त्या लिस्ट-इनकन्सिस्टंट रिपोर्टचा जेसन (JSON मजकूर) दोन्ही फाइलमध्ये सेव्ह करा. कधी कधी 'नो स्क्रब इन्फॉर्मेशन अव्हेलेबल' असं येतं, पीजीचा प्रायमरी (मुख्य) ओएसडी बदलला किंवा ओएसडी रीस्टार्ट झाला की असं होतं, तेव्हा त्या पीजीवर डीप स्क्रब पुन्हा चालवून घ्यायचा आणि थांबायचं. घाई नसते हो, बाकीच्या दोन कॉप्या ठीक असतील तर पीजी अ‍ॅक्टिव्हच असतो, क्लायंटचं काम चालू असतं. हां, दोन कॉप्यांवर एरर दिसत असेल किंवा एखादा ओएसडी आधीच डाऊन असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा कशालाही हात लावायच्या आधी सीनियरला उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

जेसनमध्ये प्रत्येक शार्डसमोर (म्हणजे प्रत्येक कॉपीसमोर) एरर लिहिलेली असते. रीड एरर म्हणजे त्या ओएसडीला तो तुकडा वाचताच आला नाही, किंवा वाचला पण ब्लूस्टोअरने (ओएसडीचा डिस्कवर डेटा ठेवणारा भाग) लिहिताना ठेवलेला चेकसम (डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळला नाही. डायजेस्ट मिसमॅच म्हणजे वाचता आला, पण मजकूर जुळत नाही. रीड एरर असेल तर लगेच त्या होस्टवर जाऊन डी-मेसेज (dmesg, कर्नलचा लॉग) बघायचा. तिथे 'मीडियम एरर' असेल आणि स्मार्टमध्ये (SMART, डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) १९७ नंबरचा पेंडिंग सेक्टर वाढत असेल तर डिस्क गेली, विषय संपला, ओएसडी आउट करा, डेटा हलू द्या, सेफ-टू-डिस्ट्रॉय (ओएसडी काढला तर डेटा जाणार नाही ना हे तपासणारी कमांड) हो म्हणेपर्यंत थांबा आणि मगच काढा. काढताना सीरियल नंबर जुळवूनच काढा, स्लॉट मोजून नाही. १९९ नंबरचा सीआरसी काउंट वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देऊ नका, तिथे बहुतेक वेळा केबल किंवा बॅकप्लेन (डिस्क जिथे जोडतात तो बोर्ड) असतो.

आणि डी-मेसेज स्वच्छ, स्मार्ट स्वच्छ, तरी चेकसम चुकतोय, असं असेल तर? माझ्या बाबतीत हेच झालं. त्याच आठवड्यात अजून दोन पीजी इनकन्सिस्टंट झाले. यावेळी मी सगळं सेव्ह केलं होतं. तिन्ही वेळा ओएसडी वेगळा (पहिल्या रात्रीचा नंबर जुन्या लॉगमधून काढला), डिस्क वेगळी, पण होस्ट एकच. मी तरी एक डिस्क बदलूनच टाकली, ती टेस्टला लावली तर ठणठणीत निघाली.

मग ताईंनी ओएसडीच्या लॉगमध्ये 'व्हेरिफाय सीसम बॅड' अशा ओळी शोधायला लावल्या. त्या ओळीत काय मिळालं आणि काय अपेक्षित होतं हे दोन्ही आकडे असतात. अपेक्षित आकडा प्रत्येक ओळीत वेगळा, साहजिक आहे. पण मिळालेला आकडा तिन्ही ठिकाणी तोच, ६७०६बीई७६. ताई म्हणाल्या, "चार केबी नुसती शून्यं घे आणि त्याचा सीआरसी-३२-सी काढ." (सीआरसी-३२-सी म्हणजे ब्लूस्टोअर वापरतो तो चेकसम.) मी काढला तर ९८एफ९४१८९ आला, मला वाटलं चुकलं काहीतरी. पण नेहमीच्या सीआरसीत शेवटी सगळे बिट उलटे करतात, सेफ ते करत नाही, म्हणून माझ्या आकड्याचे सगळे बिट उलटे केले की बरोब्बर ६७०६बीई७६. म्हणजे डिस्कवरून वाचताना डेटाच्या जागी कोरी शून्यं हातात येत होती. तोच ब्लॉक नंतर डीडी कमांडने थेट डिस्कवरून वाचला तर डेटा अगदी व्यवस्थित. डिस्कवर काहीच बिघडलं नव्हतं.

कारण निघालं मेमरीचं. त्या होस्टवर रॅम कमी पडत होती, स्वॅप चालू होता, आणि अशा ताणात काही कर्नलवर वाचन शून्यांनी भरून परत येतं हा तेव्हा बऱ्याच जणांना आलेला त्रास होता. पुढच्या व्हर्जनमध्ये ब्लूस्टोअर चेकसम चुकला की डिफॉल्टने ३ वेळा पुन्हा वाचून बघायला लागलं, आणि नंतर 'स्प्युरियस रीड एरर' अशी वेगळी वॉर्निंगही आली. ती वॉर्निंग दिसली तर रिपेअर वगैरे नंतर, आधी त्या होस्टची मेमरी आणि स्वॅप बघा.

जुन्या लेखांवर विसंबू नका हेही सांगायला हवं. ब्लूस्टोअरच्या आधीच्या फाइलस्टोअरच्या काळात प्रत्येक ब्लॉकचा चेकसम नसायचा, त्यामुळे रिपेअर कधी कधी प्रायमरीची खराब कॉपीच बाकीच्यांवर चढवायचा, म्हणून तेव्हाचे लोक रिपेअरला घाबरायचे. ब्लूस्टोअरमध्ये कोणती कॉपी खोटी हे चेकसमवरून बऱ्यापैकी कळतं, म्हणून रिपेअर आज खूप सुरक्षित आहे. माझा आग्रह रिपेअर करू नका असा नाहीये, बघून मग करा एवढाच आहे.

सराव घरी करता येतो. तीन छोट्या व्हीएमवर सेफ उभं करा, एक ऑब्जेक्ट टाका, त्याचा एक ओएसडी बंद करा, सेफ-ऑब्जेक्टस्टोअर-टूलने त्या ऑब्जेक्टचे बाइट बदला, ओएसडी चालू करा आणि डीप स्क्रब मारा. इथे रीड एरर येणार नाही, डायजेस्ट मिसमॅच येईल, कारण बदल ब्लूस्टोअरमधूनच लिहिला गेला, म्हणजे त्याचा चेकसम बरोबरच आहे. हे का होतं ते स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर मुलाखतीत स्क्रबवर काहीही विचारलं तरी अडणार नाही. मी फ्रेशर्सना हमखास हाच प्रश्न विचारतो.

आमच्या त्या होस्टचं पुढे असं झालं, ओएसडीची मेमरी लिमिट खाली आणली, स्वॅप बंद केला, आणि शनिवारी रात्री ताई आणि मी त्याच्या सगळ्या पीजींवर एकामागोमाग डीप स्क्रब लावला. रविवारी दुपारपर्यंत चालला. एकही एरर नाही. काढलेली डिस्क सोमवारी परत लावली, माझ्या वहीत तिच्या सीरियल नंबरसमोर अजून 'डिस्क निर्दोष' असं लिहिलेलं आहे.