पिकअपच्या हौद्यातला फ्रिज रात्री बंद पडत होता

अमेरिकेच्या युटा राज्यातील मोआबजवळ मुक्काम करताना आमच्या फुल-साइज पिकअपच्या हौद्यातला १२ व्होल्टचा फ्रिज मध्यरात्री बंद पडे आणि सकाळी दूध नासलेले असे. नवी बॅटरी घातली, कट-ऑफ (व्होल्टेज ज्या पातळीखाली गेले की फ्रिज आपोआप बंद होतो ती पातळी) खाली आणला. दोन सहली वाया गेल्या. अखेर कॉम्प्रेसर चालू असताना मल्टिमीटरने मोजले, तेव्हा बॅटरीवर १२.५, पण फ्रिजपाशी ११.३ व्होल्ट भरले; दोष लांब, बारीक वायरीचा होता.

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडले; मग धन टोकापासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज बसवून ८ गेजच्या (जाड) तांब्याच्या धन आणि ऋण अशा दोन्ही वायरी चासीच्या कडेने, सायलेन्सरपासून दूर, हौद्यापर्यंत नेल्या (ऋण वायर पत्र्याला जोडण्याचा मोह टाळावा), टोके क्रिंप केली (टर्मिनलमध्ये दाबून घट्ट बसवली) आणि ऋण टोक सर्वांत शेवटी जोडले. आता बॅटरी आणि फ्रिज यांच्या व्होल्टेजमधला फरक ०.२ व्होल्टच्या आत आहे.