गेट पडलं की घड्याळ थांबवू नका: धावताना होणाऱ्या नेहमीच्या चुका

बेळगावच्या टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट सकाळी पडलं, की काँग्रेस रोडवरून आलेली चार-पाच धावणारी मंडळी फाटकाशी उभी राहतात आणि सगळ्यांची बोटं एकदमच धावेचं अंतर आणि वेळ मोजणाऱ्या जीपीएस घड्याळाच्या बटणावर जातात. पॉज. गाडी जाते, गेट उघडतं, हॉर्न वाजवत दुचाक्या घुसतात. त्या गडबडीतून वाट काढत सगळे पळत सुटतात, आणि त्यातल्या एकाचं तरी घड्याळ खानापूर रोडला लागल्यावरही थांबलेलंच असतं.

पॉज करून परत सुरू करायला विसरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पॉजच्या काळात घड्याळ धावेची नोंद करत नाही. तीन किलोमीटरनंतर लक्षात येऊन बटण दाबलं, की थांबल्याची जागा आणि सुरू केल्याची जागा यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ पडते, लोकांच्या छपरांवरून. ते तीन किलोमीटर कुठल्याच ॲपमधून परत निघत नाहीत, कारण ते नोंदलेच गेलेले नसतात. उलट घड्याळ चालूच राहिलं असेल, तर जादाची नोंद घरी बसून कापता येते. एवढा एक फरक डोक्यात बसला तरी निम्म्या चुका आपोआप टळतील.

मग गेटवर करायचं काय? थांबल्यावर लॅपचं बटण दाबा, निघताना परत दाबा; दर वेळी धावेचा एक टप्पा (लॅप) संपून पुढचा सुरू होतो. बहुतेक गार्मिन घड्याळांमध्ये हे उजवीकडचं खालचं बटण असतं. दाबून काहीच होत नसेल, तर सेटिंगमध्ये ‘लॅप की’ बंद असेल. ती चालू करा. धाव संपली की यादीत ‘4 मिनिटं, 12 मीटर’ असा एक ठेंगणा लॅप दिसतो. तोच गेटचा. दर एक किलोमीटरचा ऑटो लॅप चालू असेल तर पुढचे टप्पे थोडे विस्कटतात, म्हणून गेटच्या वाटेने जायचं असेल त्या दिवशी तो बंद ठेवलेला बरा.

‘पण सरासरी बिघडते ना!’ हे रडगाणं ठरलेलं. बिघडू दे. 10 किलोमीटर 60 मिनिटांत पळालात आणि गेटवर 4 मिनिटं उभे राहिलात, तर सरासरी किलोमीटरला 6:00 मिनिटांऐवजी 6:24 दिसेल. गेटच्या आधीचा आणि नंतरचा लॅप उघडून बघा, तिथे 6:00 च आहे. शिवाय धाव पॉज न करता स्ट्राव्हावर, म्हणजे धावा नोंदवायच्या ॲपवर, चढवली, तर स्ट्राव्हा उभं राहिल्याचा वेळ स्वतः ओळखून ‘मूव्हिंग टाइम’ काढतं. मैलाला 30 मिनिटांपेक्षा, म्हणजे किलोमीटरला सुमारे साडेअठरा मिनिटांपेक्षा हळू असाल, तर ते ती विश्रांती धरतं. तुम्ही पॉज केलं असेल तर मात्र तुमचाच पॉज ग्राह्य धरतं, विसरलेला धरून. आणि सेगमेंटवर, म्हणजे स्ट्राव्हावर सगळ्यांच्या वेळा जिथे ताडून बघतात त्या ठरलेल्या रस्त्याच्या तुकड्यावर, पॉजचा उपयोग शून्य. तिथे सुरुवातीपासून शेवटापर्यंत गेलेला सगळा वेळ मोजतात.

दुसरी आवडती चूक ऑटो पॉज, म्हणजे आपण थांबलो की घड्याळ आपोआप पॉज होतं आणि निघालो की सुरू. नवीन घड्याळ घेतलेल्या माणसाला हे वरदानच वाटतं: आपण विसरलो तरी घड्याळ विसरणार नाही. पण आपण थांबलो हे घड्याळाला वेगावरून कळतं, आणि कळायला काही सेकंद जातात. व्हॅक्सिन डेपोच्या दाट झाडांखाली सिग्नल अडखळतो, वेगाचा आकडा वर-खाली होतो, आणि मनगटावर थांबलं-सुरू, थांबलं-सुरू अशी थरथर चालू राहते. येळ्ळूरहून राजहंसगडाचा चढ चढताना याहून वाईट. उभ्या चढाला पाय चालीवर आले, की काही घड्याळं त्यालाच विश्रांती समजतात. दम लागलेली तीच मिनिटं गायब होतात, आणि घरी आल्यावर चढ किती सोपा गेला असं वाटतं.

याची खरी किंमत स्पर्धेत कळते. वडगावच्या एका पोराची गत अशीच झाली. सरावात त्याने 21.1 किलोमीटर 1 तास 58 मिनिटांत मारले, किलोमीटरला 5:36. निदान घड्याळ तरी तसं म्हणत होतं. वाटेत दोनदा गेट, एकदा पाण्याची बाटली, एकदा बुटाची नाडी, असा 11 मिनिटांचा आराम ऑटो पॉजने गुपचूप गिळला होता. खरा वेळ होता 2:09. त्या चार विश्रांत्यांमध्ये पायांना उसंत मिळाली होती, म्हणून तर 5:36 जमलं होतं. स्पर्धेत तो त्याच वेगाने सुटला आणि पंधराव्या किलोमीटरला चालायला लागला. छातीवरच्या नंबराला (बिबला) लावलेल्या वेळ मोजणाऱ्या चिपला पॉजचं बटण नसतं.

ऑटो पॉज बंद करताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात: हे सेटिंग घड्याळातल्या प्रत्येक व्यायामप्रकारासाठी वेगळं असतं. ‘रन’मध्ये बंद केलं तरी ‘ट्रेल रन’मध्ये (रानवाटेची धाव) ते चालू असू शकतं.

पॉज योग्य असते अशी एक जागा आहे. घड्याळात आखलेला वर्कआउट चालू असेल, उदाहरणार्थ 1 किलोमीटरच्या पाच फेऱ्या, तर लॅप दाबल्यावर चालू फेरी संपवून घड्याळ पुढच्या पायरीवर उडी मारतं. तिथे मध्येच थांबावं लागलं तर पॉजच करा. खरं तर असा वर्कआउट गेटच्या वाटेवर न्यायचाच कशाला? रेसकोर्सच्या बाजूला मोकळा रस्ता बघा.

घड्याळात आधीच रूट टाकून पळताना रस्ता खोदलेला निघाला, किंवा विसर्जनासाठी कपिलेश्वरकडचा रस्ता बंद असला, की घड्याळ ‘रूट सोडला’ म्हणून थरथरतं. घाबरून धाव सेव्ह करून नवी सुरू करणारे बरेच आहेत. काही गरज नाही. गल्लीतून वळसा घालून परत रूटला लागलात, की घड्याळ आपोआप वाट पकडतं. फक्त ‘उरलेलं अंतर’ या आकड्यावर तेव्हा विसंबू नका, झालेलं अंतर बघा.

गेटवर उभं राहून गप्पा मारताना हात हलवत राहू नका. जागच्या जागी मीटर वाढू शकतात आणि नकाशावर कोळ्याचं जाळं होऊ शकतं.

पावसाळ्यात टचस्क्रीन लॉक करा. थेंब आणि रेनकोटची बाही, दोन्ही स्क्रीनवरची बटणं दाबतात.

गडाच्या पायथ्याशी तासभर नाष्ट्याला बसणार असाल तर थांबवून ‘रिझ्यूम लेटर’ निवडा. ‘सेव्ह’ दाबलं की ती धाव तिथेच संपली.

आणि घड्याळ चालू ठेवूनच गाडीत बसलात, तर ते शेवटचं 40 च्या वेगाचं शेपूट स्ट्राव्हाच्या ‘क्रॉप’ने कापा. हा तुकडा मधोमध असेल तर क्रॉप चालत नाही, कारण ते फक्त दोन्ही टोकं कापतं. तिथे ‘स्प्लिट’ने धावेचे तीन तुकडे करा आणि मधला डिलीट करा. हे लगेच उरकून टाका, नाहीतर वाटेतल्या एखाद्या सेगमेंटवर तुमचं नाव झळकेल आणि दुपारपर्यंत ग्रुपवर सगळे विचारतील, कुठली बस पकडली म्हणून.