सीपीआरच्या सरावात दाबाचा वेग मोबाइलवर बसवा

मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, सीपीआरचा (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याचा) सराव करताना नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा वेग हमखास बिघडतो. सुरुवातीला हात घाईने चालतात आणि मिनिटभरात दमून मंदावतात. मनातल्या मोजणीवर विसंबू नका, त्यासाठी मोबाइल वापरा.

१. मेट्रोनोमचे (ठरावीक वेगाने ठोके वाजवणारे) मोफत अ‍ॅप घ्या आणि ठोके मिनिटाला ११० वर ठेवा. मोठ्या माणसासाठी योग्य वेग १०० ते १२० आहे, म्हणजे आपण बरोबर मध्यावर राहतो.

२. दुसरा मोबाइल मॅनिकिनच्या छातीच्या उंचीवर, बाजूने आडवा टेकवून व्हिडिओ सुरू करा. वरून घेतलेल्या व्हिडिओत दाबाची खोली अजिबात कळत नाही.

३. प्रत्येक ठोक्याला एक दाब, ३० दाबांनंतर २ श्वास, असे २ मिनिटे करा.

४. लगेच व्हिडिओ पाहा. कोपर वाकतात का? खांदे हातांच्या सरळ वर आहेत का? सगळ्यात महत्त्वाचे, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येते का? थकल्यावर माणूस नकळत छातीवर रेलतो आणि करताना ते स्वतःला जाणवत नाही. इथेच व्हिडिओचा खरा उपयोग होतो, म्हणून हा भाग संथ गतीने पुन्हा बघा.

५. आता आवाज बंद करून तेच करा. ३० दाबांना १५ ते १८ सेकंद लागले, तर वेग हातात बसला.

सराव फक्त मॅनिकिनवरच करा, मैत्रिणीच्या छातीवर गंमत म्हणूनही नको. व्हिडिओही प्रात्यक्षिकाच्या खोलीतच घ्या, वॉर्डात कॅमेरा काढू नका.